उद्यां ये

आमच्या लहानपणीं लालबागांतील एका वाण्याच्या दुकानांत "आज रोख, उद्यां उधार" अशी पाटी टांगलेली असे. ती वाचून प्रत्येक नवें गिऱ्हाईक एकदां तरी हंसे. कारण उद्यां आलें तरी पाटीवर तींच अक्षरें असणार, हें उघड होतें. ती पाटी खोटें बोलत नव्हती. येथें उधार मिळत नाहीं, एवढेंच ती थोड्या विनोदानें सांगत होती, व तें सर्वांस कळत होतें. परंतु आमच्या या शहरांत दुसरें एक "उद्यां" आहे, तें कोणत्याहि पाटीवर लिहिलेलें नसतें. घड्याळजी, शिंपी, चांभार, सायकलवाला, पंखे दुरुस्त करणारा आणि अलीकडे मोबाइल दुरुस्त करणारा, अशा अनेकांच्या तोंडीं तें असतें. "उद्यां या," असें ते सांगतात, आपण जातों, आणि ते पुन्हां म्हणतात, "उद्यां या." या दुसऱ्या "उद्यां"विषयीं आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलणार आहों. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या एका शब्दानें आमच्या घरीं काय केलें हें आम्हीं पाहिलें आहे, आणि सांगावयास लाज वाटते, पण तो शब्द आम्हींहि एकदां वापरला आहे.

१९८२ सालच्या जानेवारी महिन्याच्या १८ तारखेस मुंबईच्या कापड गिरण्यांतील संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. आमचे वडील त्यांपैकीं एक. परळ, लालबाग, काळाचौकी येथील ज्या भोंग्यांवर आमच्या चाळीचा दिवस उगवे व मावळे, ते भोंगे मुके झाले. पहिले दोन महिने सांठविलेल्या पैशांवर गेले. मग पितळेचीं भांडीं गेलीं. आणि उन्हाळा लागतां वडील इतर अनेकांप्रमाणें कोंकणांत आपल्या गांवीं गेले. "गिरणी पुढल्या आठवड्यांत उघडेल," असें चाळींत रोज कोणी ना कोणी म्हणे. मुंबईंत आई, आम्ही, धाकटी बहीण, आणि हातानें फिरवावयाचें एक शिवणयंत्र, एवढीं राहिलों.

तें यंत्र आमच्या आजीचें होतें. स्कॉटलंडमध्यें क्लाइडबँक येथें सिंगर कंपनीचा प्रचंड कारखाना १८८५ सालीं सुरू झाला. तेथें घडलेल्या असंख्य यंत्रांपैकीं तें एक. काळ्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी होती, ती दोन पिढ्यांच्या हातांनीं घासून अर्धीअधिक पुसली गेली होती. महात्मा गांधी हे यंत्रांविषयीं साशंक असत. तथापि शिवणयंत्रास त्यांनीं अपवाद मानिलें होतें, हें प्रसिद्धच आहे. या यंत्राचें मर्म दोन दोऱ्यांत आहे. वरचा दोरा सुईबरोबर कापडाखालीं जातो व तेथें त्याचें लहानसें कडें होतें. त्या कड्यांतून खालचा दोरा गेला म्हणजे टांका बसतो. अमेरिकेंत एलियस हौ यानें १८४६ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांतहि हींच दोन दोऱ्यांची युक्ति होती. नव्या यंत्रांत खालचा दोरा वाटोळ्या बॉबिनवर असतो. आमच्या यंत्रांत तो होडीच्या आकाराच्या एका लांबट पोलादी शटलांत असे. तें शटल मागें-पुढें धांवे आणि त्याचें अणकुचीदार टोंक वरच्या दोऱ्याच्या कड्यांत शिरे. पन्नास वर्षांच्या कामानें तें टोंक झिजलें. मे महिन्याच्या मध्यास यंत्र टांके सोडूं लागलें, व चार दिवसांनीं एकहि टीप नीट येईना.

मे महिना म्हणजे आईच्या कामाचा हंगाम. जूनमध्यें शाळा उघडतात. आणि दादर येथील कांहीं बिऱ्हाडांतून मुलांचे गणवेश शिवण्याचें काम तिला मिळालें होतें. चौदा सदरे, नऊ अर्ध्या विजारी आणि मुलींचे सहा फ्रॉक व्हावयाचे होते. कापड सगळें बेतून झालें होतें. त्या कपड्यांच्या शिलाईवर आमचें महिन्याचें धान्य व शाळेचीं पुस्तकें अवलंबून होतीं.

दादर स्थानकाजवळच्या एका दुकानांत आईनें यंत्र दिलें. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं; त्याच्यासारखीं दुकानें सर्वत्र आहेत. मिस्त्रीनें शटल हातांत घेऊन पाहिलें व तो म्हणाला, "शटल बदलावें लागेल. परवां मुलाला धाडा." बोलण्यांत मोठें मार्दव होतें. आई समाधानानें घरीं आली, व त्या रात्रीं तिनें सदऱ्यांचे बेतलेले तुकडे एकावर एक नीट रचून ठेविले.

परवां आम्ही गेलों. "अरे, माल आला नाहीं. उद्यां ये," असें मिस्त्री म्हणाला. उद्यां गेलों, पुन्हां "उद्यां ये." बसच्या भाड्यास पैसे नव्हते, म्हणून लालबागाहून आंबेडकर मार्गानें भारतमाता, परळ, हिंदमाता असें करीत दादरपर्यंत पायीं जावयाचें व तसेंच परत यावयाचें. चौथ्या खेपेस आमची दृष्टि दुकानाच्या फळीखालीं गेली. यंत्र तेथेंच होतें. आईनें तें ज्या पोत्यांत घालून आणिलें होतें तें पोतें जसेंच्या तसें होतें, आणि त्यावरील सुतळीची गांठहि आईनेंच मारलेली होती. शटल आलें नव्हतें हें खरें. पण दुसरें कांहीं झालें होतें असेंहि नाहीं. आम्हीं हें घरीं सांगितलें. आई थोडी थांबून म्हणाली, "शटल आल्यावर सोडील कीं. उद्यां म्हणाला ना?"

रोज रात्रीं ती मनांत हिशेब करी. उद्यां मशीन आलें तर रात्रभर बसून चार सदरे होतील, परवां विजारी. आणि ज्यांचे कपडे होते त्या बायका विचारावयास आल्या म्हणजे ती त्यांस सांगे, "परवां देतें." ती खोटें बोलत नव्हती. मिस्त्रीनें तिला दिलेला दिवस तिनें पुढें दिला होता. त्या बायका घरीं जाऊन आपापल्या मुलांस सांगत असतील, "परवां तुझे कपडे येणार." अशा रीतीनें दादरच्या एका फळीवरून निघालेला एक शब्द दहा घरांत पोंचला, आणि ज्या ज्या घरीं तो गेला तेथें तो खराच मानला गेला.

जूनचा पहिला पाऊस झाला. मोठा पाऊस आला कीं हिंदमात्याजवळ पाणी तुंबतें, हें मुंबईकरांस सांगावयास नको. तेथून जाणारा मनुष्य गुडघ्यापर्यंत चिखल घेऊनच परत येई. त्या दिवशीं आमची अकरावी खेप होती. आम्ही परळपर्यंत गेलों. एका बंद गिरणीच्या दरवाजाशीं, छपराखालीं उभे राहिलों. समोर कांहीं मुलें पावसांत चेंडू खेळत होतीं. आम्ही तें पाहात राहिलों. पुढें पाणी असेल. आणि पाण्यांतून गेलों तरी तो काय सांगणार तें ठाऊकच आहे, असें मनानें आम्हांस समजाविलें. अर्ध्या तासानें आम्ही तेथूनच परत फिरलों आणि घरीं येऊन आईस म्हणालों, "उद्यां बोलाविलें आहे."

आईनें नेहमींप्रमाणें मान हालविली. आमचें असत्य पकडलें गेलें नाहीं, याचा त्या क्षणीं आनंद वाटला. रात्रीं मात्र झोंप येईना. मिस्त्रीचें "उद्यां" आणि आमचें "उद्यां" या दोहोंत काय फरक होता? तो तरी आज शटल शोधावयास गेला होता काय? आम्ही तरी दादरला गेलों होतों काय? खोटें बोलणें अवघड असतें, त्याला धैर्य लागतें, असें आम्हांस वाटे. येथें तर तें तयारच पडलें होतें. आम्हीं तें फक्त उचललें होतें.

शाळा उघडल्या. दुसऱ्या कीं तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं एक बाई आपल्या मुलीस घेऊन आमच्या चाळीचा जिना चढून आल्या. गणवेश नाहीं म्हणून त्या मुलीस शाळेंत वर्गाबाहेर उभें केलें होतें. बाई रागावल्या नव्हत्या. त्या फार थकल्यासारख्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, होणार नव्हतें तर तसें सांगायचें होतें. आम्ही दुसरीकडे दिलें असतें." आईपाशीं उत्तर नव्हतें. ती त्या मुलीकडे पाहात होती, आणि ती मुलगी आमच्या भिंतीकडे. आईनें बेतलेलें कापड घडी करून, दोन्ही हातांनीं त्यांच्या स्वाधीन केलें. पुढल्या दोन दिवसांत बाकीचींहि कापडें गेलीं. हंगाम संपला.

मग आई स्वतः दादरला गेली. आम्ही बरोबर होतों. मिस्त्री म्हणाला, "बाई, हें शटल आतां मिळतच नाहीं. मीं दोन ठिकाणीं विचारलें होतें." आईनें विचारलें, "मग पहिल्या दिवशींच कां नाहीं सांगितलें?" तो क्षणभर घोंटाळला, व नंतर अगदीं सरळपणें म्हणाला, "सांगितलें असतें तर तुम्ही मशीन घेऊन गेल्या असत्या."

हें वाक्य आम्ही विसरलों नाहीं. तो मनुष्य दुष्ट नव्हता. त्यानें एक पैसाहि घेतला नाहीं. पोतें उचलावयास त्यानें हातभारहि लाविला. काम हातचें जाऊं नये एवढीच त्याची इच्छा होती. कदाचित् एखादे दिवशीं शटल मिळेल, अशी आशाहि असेल. पण त्या आशेचें व्याज भरीत होतों आम्ही. "तुम्ही घेऊन गेल्या असत्या" म्हणजेच, तुमचा निर्णय तुम्हांस करूं द्यावयाचा नव्हता. यंत्र ठेवावें कीं न्यावें, काम घ्यावें कीं परत करावें, शेजारणीचें यंत्र मागावें कीं नाहीं, हे सर्व निर्णय आईचे होते. आणि एका गोड शब्दानें ते तीन आठवडे तिच्याकडून काढून घेतले गेले होते.

आमच्या शेजाऱ्यांपैकीं एकानें गिरगांवांत ठाकुरद्वारापाशीं एक म्हातारे मिस्त्री आहेत असें सांगितलें. आई तें जड यंत्र घेऊन बसनें तेथें गेली. दुकान म्हणजे जिन्याखालची एक जागा. आम्ही पोंचलों तेव्हां एक गृहस्थ आपल्या घरच्या पायानें चालवावयाच्या यंत्रासंबंधीं बोलत होते. म्हातारेबुवांनीं त्यांस एक महिना लागेल असें सांगितलें. गृहस्थ तापले. "एक महिना! दादरला दोन दिवसांत देतात!" असें म्हणून ते निघून गेले. म्हाताऱ्यांनीं चष्मा पुसला व आईस म्हणाले, "त्यांना दोन दिवस सांगणारा कोणी तरी भेटेल. बसा बाई."

त्यांनीं शटल उजेडाकडे धरून पाहिलें. मग ते म्हणाले, "हें माझ्याकडे नाहीं. कारखान्यांतूनहि येणार नाहीं. कारखानाच दोन वर्षांपूर्वीं बंद झाला. जुन्या मोडक्या मशीनमधलें कुठें मिळालें तर मिळेल. शुक्रवारीं पहाटे मी चोरबाजारांत जातों, तेव्हां पाहीन. मिळेलच असें सांगत नाहीं. पण मिळालें कीं नाहीं तें दर आठवड्याला कळवीन. महिनाभर शोधतों, नाहीं मिळालें तर मशीन परत न्या, पैसे कांहीं नकोत. आतां तुम्हीं ठरवा, ठेवतां कीं नेतां?"

आई म्हणाली, "महिना?"

"जास्तहि लागेल," ते म्हणाले.

आईनें यंत्र ठेविलें. बाहेर आल्यावर, आश्चर्य असें कीं, तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत प्रथमच स्वस्थता दिसली. वाईट बातमी ऐकून मनुष्यास स्वस्थता कशी वाटते, हें आम्हांस तेव्हां कळलें नाहीं. त्याच संध्याकाळीं ती चाळींतील एका बाईंकडे गेली. त्यांचें यंत्र रात्रीं नवानंतर रिकामें असे. तें महिनाभर रोज रात्रीं बारापर्यंत वापरावयाचें व अमुक भाडें द्यावयाचें, असें तिनें ठरविलें. पावसाळी काम थोडें होतें, तरी परकर, झबलीं, उशांचे अभ्रे असें कांहीं ना कांहीं मिळूं लागलें. हीच तजवीज मे महिन्यांत झाली असती तर चौदा सदरे शिवून झाले असते. परंतु जो मनुष्य उद्यां मिळणाऱ्या यंत्राची वाट पाहात आहे, तो दुसऱ्याचें यंत्र महिन्याच्या भाड्यानें कसें घेईल?

शनिवारीं एक पोस्टकार्ड आलें. त्यावर तीन ओळी होत्या. शटल मिळालें नाहीं. एक पाहिलें तें मापानें मोठें होतें. पुढल्या शुक्रवारीं पुन्हां जातों. दुसऱ्या आठवड्यांत दुसरें आलें. पावसामुळें बाजार नीट भरला नाहीं, पाहतां आलें नाहीं. वस्तु मिळाली असें सांगणारीं पत्रें लोक पाठवितात. वस्तु मिळाली नाहीं एवढेंच सांगण्यासाठीं एक वृद्ध कारागीर कार्ड विकत घेतो, लिहितो आणि पेटींत टाकतो, हें आमच्या मनास फार लागलें. तें दुसरें कार्ड आईस वाचून दाखविल्यावर आम्हांस राहवेना. परळच्या गिरणीच्या दरवाजाशीं काय झालें तें आम्हीं सांगून टाकिलें.

आई शिवतां शिवतां थांबली नाहीं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतें. त्या दिवशीं हिंदमात्याला पाणी होतें, आणि तुझ्या पायांना चिखल नव्हता."

"मग तूं बोलली कां नाहींस?"

ती म्हणाली, "काय बोलणार? मीहि त्या बाईंना 'परवां' म्हणून सांगतच होतें ना? मलाहि आंतून कळत होतें, मशीन कांहीं येत नाहीं."

त्या रात्रीं आम्हांस एक गोष्ट समजली. खोटी तारीख दुकानांत राहात नाहीं. ती गिऱ्हाइकाबरोबर घरीं येते, आणि घरांतील प्रामाणिक माणसांसहि आपल्या कामास लावते.

तिसऱ्या कार्डानें शटल मिळाल्याचें कळविलें. एका मोडक्या यंत्रांतलें होतें, टोंक थोडें घासावें लागणार होतें. मंगळवारीं बोलाविलें होतें. सोमवारीं चौथें कार्ड आलें. मंगळवारीं येऊं नये, घासण्यास आणखी दोन दिवस हवेत, गुरुवारीं यावें. आम्ही घरून निघण्यापूर्वीं, तारीख चुकणार ही बातमी येऊन पोंचली होती. गुरुवारीं आम्ही गेलों. म्हाताऱ्यांनीं एका चिंधीवर दहा-बारा बोटें लांब टीप मारून दाखविली. आईनें ती उलटसुलट करून पाहिली, व दोघांनींहि मान हालविली. सर्व मिळून पांच आठवडे लागले होते. दादरला तीन आठवडे गेले होते. ते तीन आठवडे आम्हांस वर्षासारखे वाटले, आणि हे पांच केव्हां सरले तें कळलेंहि नाहीं.

मोठे झाल्यावर आम्हांस हेंहि कळलें कीं सुटा भाग वेळेवर न मिळणें हा बहुधा दुरुस्त करणाराचा दोष नसतो. आमच्या या गिरणगांवाचा इतिहासच पाहा. कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडाची पहिली गिरणी १८५४ सालीं स्थापन केली. त्या काळीं गिरण्यांचीं यंत्रें इंग्लंडहून येत, व जहाजांस सर्व आफ्रिका खंडास वळसा घालावा लागे. एखादें चक्र तुटलें तर त्याच्या जागीं दुसरें येईपर्यंत महिनेच्या महिने जात. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला व ती वाट पुष्कळ आंखूड झाली. परंतु वाट आंखूड झाली म्हणजे निर्धोक झाली असें नव्हे. २०२१ सालच्या मार्च महिन्यांत त्याच कालव्यांत एक प्रचंड जहाज आडवें रुतलें, व सहा दिवस शेंकडों जहाजें अडकून पडलीं. त्याच वर्षीं इलेक्ट्रॉनिक चिप या नखाएवढ्या वस्तूच्या टंचाईमुळें मोटारीच्या नव्या मालकांस महिनोगणती थांबावें लागलें. एच. एम. टी. ची मनगटी घड्याळें १९६१ सालापासून बंगळुरास होऊं लागलीं व घरोघर पोंचलीं. २०१६ सालीं घड्याळांचे ते कारखाने बंद करण्याचें ठरलें. आतां तसलें घड्याळ बिघडलें तर घड्याळजीस एका जुन्या घड्याळाचा भाग काढून दुसऱ्यास जीवदान द्यावें लागतें. एवढेंच नव्हे, तर ज्या शिवणयंत्राच्या भागासाठीं आम्ही वणवण केली, त्या यंत्राच्या आरंभींच्या काळांत कारखान्यांतहि भाग कानशीनें घासूनच एकमेकांत बसवीत असत. कोणताहि भाग कोणत्याहि यंत्रास बसावा, ही सोय जगास पुष्कळ उशीरां मिळाली. ठाकुरद्वारचे म्हातारे जिन्याखालीं बसून शटल घासीत होते, तेव्हां ते तीच जुनी विद्या चालवीत होते.

म्हणून उशीर होणें हा अपराध नव्हे. उशीर लपविणें हा अपराध आहे. आपल्या देशानें १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा केला, व त्याच्या जागीं २०१९ सालीं नवा कायदा केला. आमच्या मुंबईंत ग्राहक पंचायत १९७५ सालापासून लोकांस त्यांचे हक्क समजावून देत आली आहे. वस्तु दुरुस्त करून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकास असावा व सुटे भाग त्यास मिळावेत, या हेतूनें केंद्र सरकारनें २०२२ सालीं एक समितीहि नेमली. हें सर्व चांगलें आहे. परंतु कायदा दुकानदारास शिक्षा करूं शकेल. त्यास खरें बोलण्याचें धैर्य मात्र गिऱ्हाईकच देऊं शकतें.

त्या दिवशीं ठाकुरद्वारास तापून निघून गेलेले गृहस्थ आम्हांस अद्याप आठवतात. त्यांस खरें सांगितलें गेलें, व त्याबद्दल त्यांनीं सांगणारास शिक्षा केली. काम काढून घेतलें. दादरचा मिस्त्री खोटें बोलावयास कोठें शिकला असेल? अशाच गृहस्थांपाशीं. आपण खरें उत्तर देणारावर ओरडतों व गोड उत्तर देणाराकडे जातों. आणि मग बाजारांत खरें बोलणारे उरले नाहींत म्हणून हळहळतों. "एक महिना लागेल" हें ऐकून शांतपणें "बरें" म्हणणारें गिऱ्हाईक हें प्रामाणिक कारागिराचें अर्धें भांडवल होय. आमची आई त्या दिवशीं रागावली असती, तर पुढचीं चार कार्डें आलीं नसतीं.

पण धीर धरणें म्हणजे मुकाट्यानें वाट पाहात बसणें नव्हे, हेंहि विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. अकरा खेपा घालणें हा धीर नव्हे. दुरुस्तीस वस्तु देतांना चार प्रश्न सौम्यपणें विचारावेत. कोणता भाग हवा आहे? तो कोठून यावयाचा आहे? आपण मला पुढील खबर कोणत्या दिवशीं द्याल? आणि भाग न मिळाल्यास वस्तूचें काय? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. "काम केव्हां होईल?" याचें उत्तर पुष्कळदां कारागिराच्या हातीं नसतें, आणि आपण हट्ट धरल्यास तो तोंडास येईल ती तारीख सांगतो. "खबर केव्हां द्याल?" याचें उत्तर मात्र सर्वस्वीं त्याच्या हातीं असतें. उत्तर मिळाल्यावर तो दिवस येईपर्यंत त्यास उगीच त्रास देऊं नये. आणि तो दिवस टळला तर अवश्य विचारावें.

जे विद्यार्थी उद्यां स्वतः कारागीर, व्यापारी, डॉक्टर किंवा अधिकारी होतील, त्यांस आमचें सांगणें आणखी थोडें आहे. कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर त्यास वाईट बातमी लवकर द्या. ती देतांना जीभ जड होते, हें आम्हांस ठाऊक आहे. पण उशीरां दिलेल्या वाईट बातमीची किंमत दुसराच भरतो. कधीं ती किंमत वर्गाबाहेर उभी राहिलेली एक लहान मुलगी भरते. आणि सांगण्यासारखें कांहींच घडलें नसेल, तर "अजून कांहीं झालें नाहीं" एवढें तरी कळवा. म्हाताऱ्या मिस्त्रींस त्यासाठीं कार्ड घेऊन लिहावें लागे. आज तर प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे. साधन सोपें झालें; मन मात्र तितकेंच चुकवाचुकवी करतें. आपल्या शाळेंत शुभवर्तमानांतील डोंगरावरचें प्रवचन मुलांस शिकविलें जातें. त्यांत प्रभु येशूनें शपथा वाहूं नका, आपला होकार व नकार हेच साधे व खरे ठेवा, असा बोध केला आहे. लहानपणीं आम्हांस वाटे कीं तो बोध मोठमोठ्या प्रसंगांसाठीं असेल. आतां वाटतें, तो शिवणयंत्राच्या दुकानासाठींहि आहे. आणि "गृहपाठ उद्यां दाखवितों" असें म्हणणाऱ्या आपल्या वर्गासाठींहि.

वडील पुढें मुंबईस परत आले. त्यांची गिरणी मात्र पुन्हां उघडली नाहीं. त्या काळांत घर चाललें तें बरेंचसें त्या यंत्रावर. आज आई नाहीं. यंत्र आमच्याकडे आहे. त्यांत तेंच जुन्या यंत्रांतून काढलेलें शटल आहे, आणि आमची मुलगी कधींमधीं त्यावर टीप मारते तेव्हां तें पूर्वींसारखेंच मागें-पुढें धांवतें. यंत्राच्या पेटींत सुया-दोऱ्यांचा एक लहान खण आहे. त्या खणांत आईनें तीं चार पोस्टकार्डें जपून ठेविलीं होतीं. शाई फिकट झाली आहे. परंतु पहिल्या कार्डावरील "मिळालें नाहीं" हे दोन शब्द अजून स्पष्ट वाचतां येतात.